सतीशिळेची चौथी ओळ

“ती हसत गेली, हे तुला कुनी सांगितलं?”

तानीमाईची नजर परातीत होती. ‘मीठ संपलं का’ विचारावं तसं तिने कणीक मळता मळता विचारलं.

खांबेटे सरांना आधी तो ‘तुला’ टोचला. पीएच.डी. झाल्यापासून त्यांना कुणी अरेतुरे केलं नव्हतं. घरात बायकोसुद्धा ‘सर’च म्हणायची.

“कुणी म्हणजे... साधनं आहेत,” सर म्हणाले. “तीन आहेत. तिन्हींत तेच सांगितलंय.”

माईने कणकेचा गोळा उलटून आपटला.

सर कशासाठी आले होते ते आधी सांगायला हवं.

बोरगव्हाणला नदीकाठी एक मठ आहे आणि मठाच्या आवारात सतीची शिळा आहे. दगडाचा खांब, आणि त्यातून फुटलेला बाईचा एक हात. कोपरात दुमडलेला, तळवा समोर, बोटं वर, मनगटात चुडा. वरच्या अंगाला चंद्र-सूर्य. अशा शिळा गावोगाव सापडतात. हात सगळीकडे तोच, नाव कुठेच नाही. बोरगव्हाणची सती देशमुखांची सून होती. तिच्या नवऱ्याचं नाव गावाला पाठ आहे, सासऱ्याचं पाठ आहे, नवऱ्याच्या घोडीचंसुद्धा पाठ आहे.

तीस वर्षांपूर्वी सरांनी या शिळेवर पुस्तक लिहिलं. त्यातलं एक वाक्य फार चाललं. ‘हसतमुखाने चितेवर चढलेल्या त्या साध्वीने हात उंचावून गावाला आशीर्वाद दिला.’ ते भाषणांत गेलं, स्मरणिकांत गेलं, देशमुखांच्या लग्नपत्रिकांवर गेलं. तेव्हापासून गावात नवी सून आली की तिला शिळेपाशी आणतात. दगडाच्या तळव्याला तळवा लावायला लावतात. सासू म्हणते, बघ, बाई अशी असावी. सून तेव्हा काय म्हणते, ते कुठल्याही पुस्तकात नाही.

यंदा ट्रस्टने शिळेला चौथरा बांधला. ट्रस्ट म्हणजे सात म्हातारे. घरात कुणी विचारेनासं झालं की माणूस देवाच्या कामाला लागतो, त्यातले. चौथऱ्यावर संगमरवरी पाटी बसायची होती, तिच्यावर चार ओळी. पहिल्या ओळीत देशमुखांचं घराणं, दुसरीत नवऱ्याचं शौर्य, तिसरीत शके आणि तिथी. एवढं कोरून झालं होतं. चौथी ओळ म्हणजे सरांचं ते वाक्य, आणि खाली सरांचं नाव. उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी.

पण जागा मठाची. मठाची गादी तानीमाईकडे, आणि तिच्या होकाराशिवाय तिथे खुंटीसुद्धा ठोकता येत नाही. तीन ओळींपर्यंत ती गप्प होती. चौथीला अक्षरं कोरणारा हणमंता बसला, तेव्हा तिने पलीकडून हाक मारून त्याला हात थांबवायला सांगितलं. ज्यानं हे लिवलंय त्याला माझ्याकडं धाडा, म्हणाली.

सात म्हाताऱ्यांपैकी एकाचीही तिच्यापुढे जायची छाती नव्हती. त्यांनी सरांचा सत्कार उरकून घेतला, शाल घातली, उजव्या हातात घड्याळ बांधलं आणि सरांना पुढे घातलं. घड्याळाचा पट्टा सैल होता. सत्काराच्या वस्तू मापाच्या नसतातच.

सर हौसेने निघाले. वाटेत हणमंता पाया पडला तेव्हा त्यांचा उजवा हात सवयीने वर गेला. कुणीही वाकलं की सरांचा हात वर जायचा. कॉलेजात तर वाकायच्या आधीच जायचा. एका अडाणी बाईचा होकार आणायचा, त्याला कितीसा वेळ लागणार?

मनात मात्र एक खडा होता.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी हेच वाक्य शिकवताना मागच्या बाकावरची एक मुलगी उठली होती. म्हणाली होती, सर, पण तिला कुणी विचारलं होतं का? वर्ग हसला. सरही हसले. हे परीक्षेला येणार नाही म्हणाले आणि पान उलटलं. पुढे त्या मुलीने कॉलेज सोडलं. प्रश्न सोडून गेला नाही. सरांना तो रात्री-अपरात्री नव्हे, भर सत्कारात आठवायचा, नारळ हातात घेताना. आपलं वाक्य एकदा दगडावर गेलं की तो कायमचा मिटेल, अशी त्यांची समजूत होती.

म्हणून ते मठात येऊन मांडी घालून बसले होते.

माईही काही साजूक तुपातली नव्हती. वय ऐंशीच्या पुढे, दात मिश्रीने काळे. कीर्तनाला बसली की पहिल्या अभंगात घोरायला लागायची. नवरा गेल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढली, तेव्हा ती मठात भांडी घासायला आली. मठाचा म्हातारा गोसावी मेला त्या वेळी त्याचे मोठे शिष्य शहरांत आपापले आश्रम थाटून बसले होते. राख सावडायला एकटी ती होती. गादी तिच्याकडे आली ती अशी.

गोसाव्याने घातलेली एक रीत तिने मोडली नव्हती. मठात जो काही विचारायला किंवा मागायला येईल, त्याने आपला रोडगा आपल्या हाताने गोवऱ्यांच्या आरात घालायचा. भाजला की आपल्याच हाताने काढायचा. चिमटा मिळत नाही. रोडगा निघेपर्यंत होकार नाही, नकार नाही.

माईने कणकेचा एक गोळा सरांच्या हातावर ठेवला. सरांनी तो नाक मुरडत, दोन बोटांनी, राखेच्या कडेला सोडला.

“आत घाल,” माई म्हणाली. “कडंचा कच्चा ऱ्हातो.”

सरांनी काटकीने तो आत ढकलला. माईने त्यावर निखारे ओढले. शेजारी तुपाची वाटी होती, तिच्यावर झाकण ठेवलं.

“हां. पैलं साधन सांग.”

पहिलं साधन म्हणजे देशमुखांच्या घरातली कैफियत. सर खुलले. कागद कुठला, शाई कसली, मोडी वळण कोणतं, सगळं त्यांनी सांगितलं. माईने मध्ये एकदाच तोंड घातलं. लिहिली कुणी? सर म्हणाले, तिच्या दिराने. कशाला लिहिली? वतन नावावर करून घ्यायला, सरकारात द्यायला लागायची. थोरला भाऊ निपुत्रिक गेला होता.

“आन ती जिती ऱ्हायली असती तर?”

इतिहासात जर-तरला जागा नसते, असं सर म्हणाले. इतिहास ज्यांच्या घरात लिहिला जातो, त्यांचं हे आवडतं वाक्य आहे.

माईने आर थोडा उकरला, परत झाकला.

“दुसरं?”

दुसरा पोवाडा. हसली हे त्यात तीनदा आलंय, सरांनी बोटांवर मोजून दाखवलं. शाहीर तिथे उभा होता का, असं माईने विचारलं. सर म्हणाले, छे, तो पन्नास वर्षांनी जन्मला.

“मग त्याला दिसलं कसं?”

“माई, प्रतिभा म्हणून एक गोष्ट असते.”

“आसंल,” माई म्हणाली.

सरांना त्या ‘आसंल’चा राग आला. पण रागवायला त्यात काही सापडेना.

“तिसरं?”

तिसरी जात्यावरची ओवी. ही सरांची खास. एका म्हातारीकडून त्यांनी स्वतः उतरवून घेतली होती आणि तिच्यावर वीस पानं लिहिली होती. त्यांनी गळा साफ केला आणि व्याख्यानात म्हणत तशीच म्हटली:

“सती निघाली गं बाई, हलगी वाजते दणादणा,
माझ्या सयेचा गं बोल, मला ऐकू काई येईना.”

माईचे हात परातीत थांबले.

“ही बायांची हाय,” ती म्हणाली. “ह्यात हसली कुठंय?”

सर सांगायला लागले. शब्दार्थावर जायचं नसतं. गजर एवढा, आनंद एवढा, की सतीचे शब्दसुद्धा त्यात विरून गेले, हा त्यातला भाव आहे. वीस पानांचा त्यांनी गोषवारा दिला. चांगला दिला. तीस वर्षांचा सराव होता.

माईने ऐकून घेतलं.

“आमच्याकडं जत्रंत बोकडापुढं हलगी वाजवत्यात,” ती म्हणाली. “त्याचं वरडनं पोरासोरांनी ऐकू नये म्हनून.”

...

नदीवरून वारा आला. गोवऱ्यांवरची राख उडाली आणि खालचा लाल आर दिसला.

सरांनी शाल सारखी केली. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तो आगीचा आहे असं त्यांनी ठरवलं. माणूस एवढं वय आणि एवढी पुस्तकं जमवून बसला की त्याला हरायला जागा उरत नाही. तो फक्त सरकतो. सर सरकले.

“बरं, शब्द सोडा,” ते म्हणाले. “शब्द माणसं लिहितात. माणसं चुकतात. पण दगड? तो समोर उभा आहे. तो हात बघा, माई. तळवा समोर, बोटं वर. देवाच्या मूर्तीचा हात असाच असतो. अभय देणारा हात. हे माझं मत नाही, शास्त्र आहे.”

माईने वळून शिळेकडे पाहिलं. रोज सकाळी ती त्या हातावर पाणी घालायची. साठ वर्षं घालत होती. तरी तिने नव्यानं बघावं तसं पाहिलं.

“पाथरवट तिथं होता?”

“असेल, नसेल. त्यांचा तो ठरलेला घाट असतो. सतीची शिळा म्हटली की असाच हात काढायचा. बाप काढायचा तसा मुलगा.”

“म्हंजी पैल्यानं कुनीतरी बघून काढला. बाकीच्यांनी त्याचं बघून काढला.”

“तसं म्हणा.”

“तसंच तू.”

सरांनी घसरलेलं घड्याळ मनगटावर वर सरकवलं.

“मग त्या पैल्यानं काय बघितलं?”

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, तीस वर्षं तयार होतं. नेमकी त्याच वेळी ती मागच्या बाकावरची मुलगी डोळ्यांसमोर उभी राहिली, वही छातीशी धरून. तिचं नाव आठवेना. नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

“आशीर्वाद,” सर म्हणाले. बारीक आवाजात.

दहा पावलांवर चौथऱ्याच्या कडेला हणमंता उकिडवा बसला होता. छिन्नी मांडीवर, पाटी पुढ्यात. तीन ओळी, आणि खाली कोरी जागा. त्याने तिथूनच हाक मारून विचारलं, की सर, घेऊ का कोरायला?

सरांनी माईकडे पाहिलं.

“रोडगा करपतोय,” माई म्हणाली. “काढ. मग सांगते.”

सरांनी इकडेतिकडे बघितलं. चिमटा नव्हताच, मघाची काटकी जळून गेली होती. त्यांनी शाल काढून बाजूला ठेवली, बाही वर सारली आणि गुडघ्यांवर येऊन आराकडे वाकले. निखाऱ्यांत रोडग्याची काळी पाठ दिसत होती. धग गालाला लागली. ते अजून थोडे वाकले आणि डावा हात पुढे केला.

माईने वाटीवरचं झाकण उचललं.

आणि वाटीभर तूप आरावर ओतलं.

जाळ भसकन माणूसभर उठला.

सरांना मागे जायचं होतं. गुडघे उठले नाहीत. तोंड एकीकडे वळलं, डोळे मिटले, आणि उजवा हात झटक्यात वर गेला. कोपरात दुमडलेला. तळवा समोर. बोटं वर. सैल घड्याळ मनगटावरून खाली घसरलं आणि अडकून राहिलं.

तोंडातून काहीतरी निघालं. शब्द नव्हता तो.

तूप जळालं, जाळ बसला. सरांना कुठे काही भाजलं नव्हतं. हात मात्र तसाच वर होता.

तिकडे हणमंता उठून उभा राहिला होता. तो सरांकडे बघत होता. मग त्याने मान वळवून शिळेकडे पाहिलं, आणि हातातली छिन्नी हळूच खाली ठेवली.

माईने रिकामी वाटी पालथी घातली.

“मास्तर,” ती म्हणाली, “कुनाला आशीर्वाद देतोयस?”