माणसांची ढाल

पूर्वी वेत्रपुर नगरात रुचक नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व ढाली करणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मले होते. कातडे भिजवणे, ताणणे, वाळवणे यात त्यांचे दिवस जात. त्या नगराची एक रीत होती. नवी ढाल राजाने स्वीकारण्याआधी ती करणाऱ्यानेच तिच्यामागे उभे राहायचे आणि धनुर्धराने तिच्यावर बाण सोडायचा.

एकदा पलीकडच्या तीरावरचा राजा दृढसेन नदीच्या पाण्याच्या वादावरून सैन्य घेऊन आला. त्या दिवशी त्याच्याच राज्यातले चाळीस कुंभार मडकी विकायला नगरात आले होते. वेशी बंद झाल्या आणि ते आत अडकले. कुटक नावाच्या अमात्याने राजाला सुचवले, की उद्या या कुंभारांना तटावर आपल्या सैनिकांपुढे बांधून उभे करावे, म्हणजे समोरून बाण येणार नाहीत. याला त्याने माणसांची ढाल असे नाव दिले.

त्या चाळिसांतली सोणा नावाची म्हातारी कुंभारीण कुटकाला म्हणाली, "मडकंसुद्धा घेण्याआधी वाजवून बघतात, बाबा. आम्हाला तर कुणी विचारलंही नाही."

बोधिसत्त्वांनी हे ऐकले. ते राजाकडे गेले आणि म्हणाले, की ढाल नवी आहे, तर रीतीप्रमाणे पारखावी. कुंभारांच्या जागी मी उभा राहतो, माझ्यामागे ही ढाल योजणाऱ्या अमात्यांनी उभे राहावे. राजाला कुतूहल वाटले. त्याने होकार दिला. कुटकाला नाही म्हणता येईना.

धनुर्धराने दोरी ताणली, बराच वेळ धरली आणि धनुष्य खाली केले.

"ढाल टिकली," कुटक घाईने म्हणाला.

"टिकली खरी," बोधिसत्त्व म्हणाले. "पण महाराज, बाण कशाने अडला? माझी छाती तर मऊ आहे."

राजाने धनुर्धराला विचारले. निःशस्त्र माणसावर बाण सोडवला नाही, असे तो खाली पाहत म्हणाला.

"म्हणजे ढाल याच्या मनात होती," बोधिसत्त्व म्हणाले. "उद्या समोर दृढसेनाचे धनुर्धर असतील. त्यांच्या मनात दया नसेल, तर हे चाळीस जण मरतील आणि आपणही वाचणार नाही. दया असेल, तर ज्याच्या दयेमागे आपण लपणार, त्याच्याशी आपण अजून बोललोच नाही."

राजाने कुंभारांना मोकळे केले आणि त्यांना मागे ठेवून स्वतः शस्त्रावाचून वेशीबाहेर दृढसेनाच्या सैन्याकडे चालू लागला. दृढसेन रथातून उतरला. संध्याकाळपर्यंत पाण्याच्या पाळ्या ठरल्या.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे मैत्री म्हणजे काय, असा प्रश्न आज मला विचारणारा हा भिक्षू. सोणा म्हणजे दाराशी बसलेली वृद्ध भिक्षुणी. ढाली करणारा मीच होतो. कुटकही या सभेत आहे. त्याचे नाव मी सांगत नाही. समोरच्याच्या दयेचा आडोसा न घेता तिला हाक मारणे, हीच मैत्री."