रिकामा न परतणारा डबा

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध वैद्य राहत असत. रोग्याची नाडी धरली की निम्मा रोग ते स्वतः ओळखत आणि उरलेला निम्मा रोगी आपल्या तोंडाने सांगे. त्यांच्याकडे सांगितलेली गोष्ट उंबरठ्याबाहेर जात नाही, अशी गावाची खात्री होती. त्यांची शिष्या ऋजुता मोठी हुशार, आणि उत्साह तर विचारूच नका. वर्षभर खपून तिने वैद्यबुवांच्या चाळीस वर्षांच्या वह्या संगणकात उतरवल्या. कुणाला फेफरं येतं, कुणाला मूल होत नाही, कोण चोरून दारू पितं, सगळं गावाचं गुपित आता एका खोलीतल्या एका यंत्रात होतं.

"खोलीला कुलूप आहे, यंत्राला पासवर्ड आहे आणि इंटरनेट तर मी जोडलेलंच नाही," ती ऐटीत सांगे. "आत मुंगीसुद्धा शिरायची नाही, गुरुजी."

एका सोमवारी सकाळी वनौषधींचे एक व्यापारी आले. भला माणूस, वैद्यबुवांचा जुना स्नेही. त्यांनी ऋजुताच्या हातावर एक पेन ड्राइव्ह ठेवला. "जुन्या पोथ्यांची छायाचित्रं आहेत यात. दोनशे वनस्पती! तुझ्यासाठी मुद्दाम आणलीत," म्हणाले आणि चहा घेऊन गेले. ऋजुताला आनंदाने काय करू नि काय नको झालं. ती खोलीकडे धावणार, तोच वैद्यबुवा म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत थांब. आधी तो पितळी डबा काढ आणि त्यात बेसनाचे लाडू भर."

ती हिरमुसली, पण डबा भरून आणला. वैद्यबुवा स्वतः उठले, डबा शेजारच्या घरी देऊन आले. निरोप एवढाच, की चव घ्या आणि डबा पुढच्या घरी धाडा. दोनशे वनस्पती ताटकळत ठेवून गुरुजींना हे लाडवांचं काय सुचलं, ते तिला कळेना. दुपारी डबा फिरत फिरत तिच्याही हाती आला. तिने एक लाडू संध्याकाळसाठी ठेवला, आपल्या ताटलीतले दोन वडे आत ठेवले आणि डबा पुढे दिला.

दिवेलागणीला डबे परत आले. हो, डबे! सकाळी गेला होता एक, संध्याकाळी आले पाच. कारण त्या आळीत कुणी भांडं रिकामं परत करत नसे. पितळी डबा भरला तेव्हा बायकांनी घरातले आपापले डबे काढले आणि तेही वाटेला लावले. वैद्यबुवा पाटावर बसून एकेक झाकण उघडू लागले.

"साळीच्या लाह्या. कोपऱ्यावरच्या घरी कुणाला तरी उलट्या होताहेत, उद्या जाऊन यायला हवं. हे काय, मूठभर गव्हले! हा डबा तहसीलदारांचा. दाराला तीन कुलपं आणि तोंडाला चौथं. पण घरात गव्हले वळताहेत, म्हणजे मुलीचं लग्न ठरलं." मग त्यांनी पितळी डब्यातून साबुदाण्याचा वडा उचलला. "आणि हा तर आपल्याच घरचा. तुला उपास सोसत नाही, डोकं धरतं, तरी सोमवार धरलास. परवा सांगून आलेलं ते सातारचं स्थळ बरंच मनात भरलेलं दिसतंय."

ऋजुताचे कान लाल झाले. "गुरुजी! हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही."

"मला तरी कुठे सांगितलंस? पण डबा ओळखीच्या हातून आला, गोड होता, म्हणून तू उघडलास. आणि जाताना तुझं गुपित आपल्या पोटात घेऊन गेला. मी कुणाचंही कुलूप तोडलं नाही, बाळ. शहरात माझा एक रोगी संगणकांचंच काम करतो. तो सांगत होता, त्या यंत्रांनाही अशीच एक कीड असते. छायाचित्रांच्या आड बसून येते, आल्याचा आवाज करत नाही, स्वतःच्या प्रती करते आणि आतलं सगळं घेऊन बाहेर पडते. तुझं यंत्र इंटरनेटला जोडलेलं नाही, हे खरं. पण तुझ्या खोलीतून काहीच बाहेर जात नाही का?"

ऋजुता विचारात पडली. मग तिचा हात कपाळावर गेला. "दर शनिवारी औषधांची यादी छापायला मी पेन ड्राइव्ह बाजारातल्या दुकानात नेते. तिथं इंटरनेट आहे. म्हणजे माझ्याच हातांनी..." तिला ती सगळी माणसं दिसू लागली, खालच्या आवाजात बोलणारी, विश्वासाने हात पुढे करणारी. "आणि पेन ड्राइव्ह देणारे काका? ते असं करतील?"

"ते कशाला करतील? कोपऱ्यावरच्या घराने तरी आजार कळवायला मुद्दाम लाह्या धाडल्या का?"

दुसऱ्या दिवशी ऋजुताने पेन ड्राइव्ह न उघडता परत धाडला. सोबत पितळी डब्यात लाडू, आणि चिठ्ठी: 'काका, रागावू नका. पेन ड्राइव्ह एकदा तपासून घ्या. पानं कागदावर छापून द्याल का?'

महिन्याभराने व्यापारी आले ते हसतच. काखेत छापील पानांचं बाड होतं. "पोरी, तू वाचलीस. त्या एका पेन ड्राइव्हपायी माझ्या दुकानातले चारही संगणक पुसून काढावे लागले. गिऱ्हाइकांचे पत्ते कुठे कुठे गेले, देव जाणे. तुझी चिठ्ठी आली म्हणून तपासून तरी घेतलं." मग त्यांनी पितळी डबा पुढे केला. अर्थातच भरलेला.

ऋजुताने झाकण उचललं. आत अळिवाचे लाडू होते, बाळंतिणीसाठी करतात ते. तिचे डोळे चमकले, शब्द ओठांवर आले. मग तिने वैद्यबुवांकडे पाहिलं, हळूच झाकण लावलं आणि म्हणाली, "बसा काका, चहा टाकते."

व्यापाऱ्यांना मात्र धीर निघेना. "बारशापर्यंत कुणाला सांगायचं नाही असं घरात ठरलंय," ते म्हणाले, "पण नात झाली हो!"

"असं? आम्हाला कल्पनाच नव्हती," ऋजुता म्हणाली, आणि वैद्यबुवा मिशीतल्या मिशीत हसले.