खांबावरच्या जिवाची हमी

वत्सला ढेबेनं ओढ्यावर पाणचक्की बांधली, तिला भंगारातली मोटर जोडली आणि घर उजळवलं. उरलेली वीज खांबावरच्या तारेत सोडायची परवानगी मिळावी, म्हणून तिनं अर्ज केला.

नुकतेच बदलून आलेले तळपदे साहेब तपासणीला आले. वायरमननं खांबावर चढून लाईन बंद केली, तशी वत्सलाची वीजही आपोआप बंद झाली. एकदा नव्हे, पाच वेळा. तरी साहेबांचं तोंड वाकडंच.

"बाई, आज बंद झाली, उद्याचं काय? लाईन बंद समजून आमचा माणूस वर चढणार आणि तुमच्या या खटाऱ्यातला करंट उलटा येणार! त्याच्या जिवाची हमी कोण देणार?"

"मी देते."

"तुम्ही?" साहेब खांबाकडे बोट दाखवत कडाडले. "तो बघा, वर लटकलाय. घरी त्याची बायको वाट बघत असेल, तिचा विचार तरी केलात?"

"केला ना साहेब," वत्सला पदर खोचत म्हणाली. "ती बायको मीच."

खांबावरून कोंडीबा वायरमननं हाक दिली, "साहेब, सही झाली असेल तर उतरू का?"