टिंगी आणि बुरशीचा कोट

मोहरीहून बारीक एक पेशी होती. नाव टिंगी. रेवू नावाच्या मुलीच्या छातीत तिची इवलीशी खोली. रेवूनं श्वास घेतला की खोली फुगायची. टिंगी मजेत झुलायची.

एकदा रेवूनं ओल आलेल्या भिंतीला नाक लावलं. श्वासाबरोबर आत आली बुरशी. बसली टिंगीच्या खोलीत फतकल मारून.

"ऊठ! खोली माझी आहे!"

"नाही उठत जा! आज तुझी खोली, उद्या सगळ्यांच्या!"

रेवू खोकली. खॉक खॉक! बुरशी हलली नाही.

टिंगी अशी चिडली! निघाली तुरुतुरु, तुरुतुरु.

भेटला रेवूच्या रक्तातला शिपाई.

"शिपाईदादा, बुरशी हटेना. पण मी गप्प बसेना! तिला हाकल ना."

"मी नाही जा. आधी शिट्टी वाजू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. भेटल्या फौजदारबाई.

"फौजदारबाई, शिपाई धावेना, बुरशी हटेना. पण मी गप्प बसेना! शिट्टी वाजवा ना."

"मी नाही जा. आधी बुरशीचा तुकडा दिसू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. भेटले पोस्टमनकाका.

"पोस्टमनकाका, शिट्टी वाजेना, शिपाई धावेना, बुरशी हटेना. पण मी गप्प बसेना! बाईंकडे बुरशीचा तुकडा न्या ना."

"मी नाही जा. आधी खादाडमामाला लचका तोडू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. भेटला खादाडमामा. पोट हे एवढं!

"खादाडमामा, तुकडा जाईना, शिट्टी वाजेना, शिपाई धावेना, बुरशी हटेना. पण मी गप्प बसेना! लचका तोड ना."

"मी नाही जा. तिच्या अंगात गुळगुळीत कोट. दातच लागत नाही. आधी कोट निघू दे."

टिंगी तरातरा परत आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ए बुरशे, कोट काढ!"

"नाही काढत! मी मोठ्ठी आहे!"

"हॅ! एवढुशी तर आहेस!"

"एवढुशी? मी? बघ!" बुरशी फुगली.

"हॅ! एवढुशीच!"

बुरशी आणखी फुगली. आणखी फुगली. आणि...

टर्रर्र! कोट फाटला!

कोट फाटला, मामानं लचका तोडला. कच्च!

लचका तोडला, काकांनी तुकडा नेला. पळ पळ पळ!

तुकडा दिसला, बाईंनी शिट्टी वाजवली. फुर्रर्र!

शिट्टी वाजली, शिपाई धावला. एकटा नाही, अख्खी फौज! धबाधब, धबाधब!

"उठते, उठते!" बुरशी ओरडली.

"आता कुठली उठतेस!" शिपाई म्हणाले. गट्टम!

टिंगीनं खोली झाडली. मधोमध बसली. आणि जोरात ओरडली,

"बुरशीच काय, बुरशीची मावशी आली तरी मी उठणार नाही!"