ओताऱ्याची शेवटची घंटा

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात घंटा ओतणारा एक ओतारी होता. त्याची घंटा वाजली की नदीपलीकडची गुरं मान वर करून बघतात, असं लोक म्हणायचे. लोक म्हणजे बहुतेक तो स्वतःच म्हणायचा, आणि लोक माना हलवायचे.

त्याला बायको होती आणि लग्न झालेले दोन मुलगे होते. बायकोला सगळं गाव ओतारीण म्हणायचं. तिनं पस्तीस वर्षं या घरात काय केलं असं कुणी विचारलं असतं, तर ओतारी म्हणाला असता, "भाकऱ्या केल्या."

भाकऱ्या केल्याच. पण घंटेच्या साच्याची मातीही तीच करायची. वारुळाची माती आणायची, चाळायची, त्यात भाताचं तूस आणि शेण घालायचं, पायानं तुडवायची, आंबत ठेवायची, परत तुडवायची. त्या मातीचा आत गाभा, गाभ्यावर मेणाची घंटा, मेणावर परत मातीचा थर. साचा तापवला की मेण वितळून वाहून जातं आणि त्या रिकाम्या जागेत ओतारी तांब्या-कथलाचा लाल रस ओततो. रस ओतताना बघायला अख्खं गाव गोळा व्हायचं. माती तुडवताना बघायला कोण येतंय?

एका हिवाळ्यात ओताऱ्याच्या छातीत कफ बसला तो हलेना. वैद्यानं नाडी बघितली आणि म्हणाला, "संक्रांत बघतील. होळीचं सांगता येत नाही."

झालं. ओताऱ्यानं पंचांना बोलावणं धाडलं. त्याला आपली शेवटची इच्छा लिहून ठेवायची होती.

पाटील आले, गुरव आला, बोरू आणि दौत घेऊन कुलकर्णी आले, आणखी दोघं आले. ओताऱ्यानं सांगितलं, "माझं सगळं देवळाला." कुलकर्ण्यांनी लिहिलं. पंच जेवले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी परत बोलावणं. "देवळाला काही नको. या गुरवानं गेल्या जत्रेत मला मानाचा नारळ दिला नव्हता." कालचं खोडलं. पंच जेवले आणि गेले. गुरवसुद्धा जेवून गेला.

तिसऱ्या दिवशी त्याला गुरवाची दया आली. परत खोडलं. परत पाच पानं. कणगीतलं धान्य तळाला गेलं आणि ओतारणीच्या हाताला तव्याचे चटके बसले ते वेगळेच.

"अहो," ती म्हणाली, "काय ते एकदाच ठरवा ना. तुमच्या आधी मीच चुलीपुढं मरेन."

"तुला काय कळतं! माझ्या आत्म्याचा प्रश्न आहे."

"आत्म्याला पोळ्या लागत नाहीत. पंचांना लागतात. या पाटलांना तर सात लागतात."

चौथ्या दिवशी मात्र ओतारी उशीला टेकून ताठ बसला. सगळं मनात पक्कं झालं होतं. ओतारीण ताकाची चरवी घेऊन ओटीवर आली, तेव्हा तो बोटांवर मोजत सांगत होता.

"भाता थोरल्याला. मुशी, सांडशी आणि मेणाचं सामान धाकट्याला. भट्टीचं छप्पर मधोमध दोघांचं. बघा, कुणी म्हणायला नको की मी एकाला झुकतं माप दिलं."

"वा!" पाटील म्हणाले. "याला म्हणतात न्याय."

ओतारीण जागच्या जागी थांबली. विस्तव फुलवायचा भाता एकाकडे आणि धातू वितळवायची मूस दुसऱ्याकडे? मग हे दोघं करणार काय? एक नुसता वारा घालत बसणार आणि दुसरा रिकामी मूस मांडीवर घेऊन?

"आणि आत्म्यासाठी?" कुलकर्ण्यांनी विचारलं.

"डोंगरावरच्या देवळात घंटा!" ओताऱ्याचे डोळे चमकले. "आत मूल उभं राहील एवढी. वर ठसठशीत माझं नाव. भट्टीवरचं तांबं-कथील घ्या, घरातली भांडी घ्या, सगळं वितळवा. तिचा आवाज मी या कानांनी ऐकणार, मगच डोळे मिटणार."

घरातली भांडी म्हणजे पाण्याचा हंडा, आंघोळीचं घंगाळ आणि ओतारणीच्या आईनं लग्नात दिलेली कळशी.

कुलकर्णी जरा घुटमळले. "आणि बाईंचं काय लिहू?"

"कुठल्या बाई?"

"तुमच्या."

"हां, ती होय. तिचं काय? सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. दोन वेळचं जेवण, वर्षाला एक लुगडं. लिहा."

बोरू कुरकुरला. लिहून झालं.

ओतारणीनं ताकाची चरवी पंचांच्या मध्ये आणून ठेवली. "ताक आपापलं घ्या," ती म्हणाली आणि मागच्या परसात जाऊन बसली. तिच्यामागे कुणी आलं नाही. चरवी मात्र थोड्याच वेळात रिकामी झाली.

परसात तिच्या मातीचा खड्डा होता. पस्तीस वर्षांत त्या खड्ड्याच्या कडा तिच्या पावलांनी गुळगुळीत झाल्या होत्या. दावणीची गाय बघून ती मनात म्हणाली, हिचंसुद्धा कुणी असं करत नाही. अर्धं वर्ष या गोठ्यात, अर्धं वर्ष त्या. गायीला निदान स्वतःचा खुंटा असतो.

मुलांनी काही बापाच्या मरणाची वाट बघितली नाही. बाप आत खोकत होता आणि हे दोघं दुपारी भट्टीत मधोमध काठ्यांचा कूड घालत होते. थोरल्यानं भाता खांद्यावर टाकून आपल्या बाजूला नेला. धाकट्यानं मुशी मोजून आपल्या बाजूला लावल्या.

"घंटा कुठाय?" आतून आवाज आला.

"मूस इकडे दे म्हणावं," थोरला कुडाच्या या बाजूनं.

"भाता इकडे आण म्हणावं," धाकटा त्या बाजूनं.

असे तीन दिवस गेले. शेवटी ओतारी खाटेवर उठून बसला आणि ओरडला, "घंटा झाल्याशिवाय मी मरत नाही, सांगून ठेवतो! वर्ष लागलं तरी मरत नाही!"

ही धमकी लागू पडली. ती घंटा एकदाची ओतून टाका, असं दोन्ही सुनांनी आपापल्या नवऱ्याला सांगितलं, आणि दोघा भावांनी एका कामापुरतं कुडाला भगदाड पाडलं.

थोरला आईकडे आला. "आई, हंडा दे."

"ने."

"घंगाळ?"

"ने."

"आणि कळशी."

ओतारणीनं कळशीतलं पाणी अंगणातल्या तुळशीला घातलं, पदरानं कळशी पुसली आणि त्याच्या हातात दिली. मग ती दारात बसून राहिली. आता हा मातीचं विचारेल, तिला वाटलं. नाहीतर धाकटा विचारेल. हे तरी खाटेवरून आठवण करून देतील. तिनं लुगड्याचा ओचासुद्धा खोचून ठेवला होता.

कुणी विचारलं नाही. दोघं ओढ्यावर गेले आणि चार टोपल्या चिखल घेऊन आले. "मातीत काय असतं?" धाकटा म्हणाला. "माती ती माती."

आज साचा, उद्या आग, परवा घंटा! ओल्या साच्यात रस पडला तसा भस्सकन वाफेचा लोट उठला, साचा तडकला, आणि थोरल्याच्या भुवया जळाल्या. तरी आतून घंटेच्या आकाराचं काहीतरी निघालं. घासूनपुसून अंगणात तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर टांगलं. पंच आले, गाव आलं. ओताऱ्याची खाट चौघांनी उचलून बाहेर आणली.

पाटलांनी मानानं घंटेतला लोळा ओढला.

खड्.

एवढंच. शेजारच्या ओट्यावर कुत्रं झोपलं होतं, त्यानं कानसुद्धा हलवला नाही.

"हे काय होतं?" ओताऱ्यानं विचारलं.

"घंटा, आबा," थोरला म्हणाला.

"ही घंटा? हा तर फुटका रांजण! आणि याच्यावर माझं नाव? माझा आत्मा काय खड्खड करत वर जाणार? माती कुणी केली?"

"आम्हीच केली," धाकटा म्हणाला.

"तूस घातलं?"

"तूस घालतात?"

"शेण?"

दोघं भाऊ एकमेकांकडे बघायला लागले.

"अरे गाढवांनो," ओतारी कडाडला, "तूस घालायचं असतं... हे इतकं... म्हणजे..." आणि त्याचा हात हवेतच राहिला. इतकं म्हणजे किती? आणि माती आंबवायची किती दिवस? त्याला ठाऊकच नव्हतं. पस्तीस वर्षं त्याच्या हाताशी लोण्यासारखी तयार माती येत होती. ती कुठून येते, हे त्यानं कधी वळून बघितलं नव्हतं.

ओतारीण पायरीवर बसून सुपात तांदूळ निवडत होती. तिच्या बोटांचा तेवढा आवाज येत होता.

"अगं," ओतारी हळूच म्हणाला, "माती किती दिवस ठेवतेस?"

तिनं मान वर केली नाही. "कुठल्या सहा महिन्यांतली विचारताय? थोरल्याकडची का धाकट्याकडची?"

कुणीतरी मागे फिसकन हसलं. ओताऱ्याचा चेहरा उतरला.

"मला एक सांगा," ओतारणीनं सूप खाली ठेवलं. "घंटा अर्धी आज ओतली, अर्धी उद्या ओतली तर चालते?"

"छे! एका दमात ओतायची असते. हात थांबला की जोड राहतो, आणि नेमकी त्या जोडावर फुटते."

"हे तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. मग एक भट्टी मधोमध कशी तोडलीत? आणि मला उभी चिरून दोन घरांत वाटलीत, तेव्हा नाही आठवला तुमचा जोड?"

"बाई," पाटील म्हणाले, "मरणाऱ्या माणसाला असं बोलू नये."

"पाटील, तुम्ही चार दिवस जेवलात माझ्या हातचं. एका घासाला तरी म्हणालात का, की भाता आणि मूस एका जागी लागतात म्हणून? न्याय म्हणे!"

पाटील आपले जोडे बघायला लागले.

ओताऱ्यानं कुलकर्ण्यांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. कागद लिहून झाला होता, त्यावर पाच जणांची साक्ष होती. मान फिरवून पडून राहिला असता तर त्याला कोण काय म्हणणार होतं? पण समोर ती घंटा लोंबत होती, आणि तिच्यावर त्याचं नाव होतं.

"कुलकर्णी," तो म्हणाला, "तो कागद फाडा. दुसरा घ्या."

"आज कुणाला जेवायला मिळणार नाही," ओतारीण म्हणाली. "आधीच सांगते."

"लिहा. भट्टी एक. माझी बायको जगेल तोवर भट्टी तिची. दोघांनी एका छपराखाली काम करायचं, आणि जो कूड घालेल त्यानं तो कूड डोक्यावर घेऊन घराबाहेर पडायचं. तिला कुणी कुठं पाठवायचं नाही. ती आपल्या घरात राहील." त्याला खोकला आला. तो थांबला. "ही वितळवून घंटा लहान करा. आधी हिची कळशी होईल एवढा धातू बाजूला काढा."

"आणि नाव?" कुलकर्ण्यांनी विचारलं.

ओताऱ्यानं बायकोकडे बघितलं. "नाव... राहू दे."

"घाला हो नाव," ती वैतागून म्हणाली. "नावाशिवाय तुम्ही मराल कसे?"

मग ती उठली. ओचा खोचला आणि सुनांना हाक मारली, "या गं दोघी. बघून ठेवा, मी काही अमरपट्टा घेऊन आलेली नाही." खाटेजवळून जाताना नवऱ्याला म्हणाली, "माती आंबायला आठ दिवस, साचा सावलीत वाळायला चार. तोवर मरायचं नाही. सांगा तुमच्या कफाला."

कफानं ऐकलं म्हणा, की ओताऱ्यानं ऐकलं म्हणा. बाराव्या दिवशी तो खाटेवर होता. थोरल्यानं स्वतःच्या हातानं कूड उपटला होता आणि त्याच काठ्या भट्टीत घातल्या होत्या. थोरला भात्यावर, धाकटा मुशीवर. रस एका दमात ओतला. साचा तडकला नाही, वाफ आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा टांगली. पाटील पुढं झाले तसं ओतारणीनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते मागे सरले. तिनं लोळा ओढला.

आवाज अंगणातून निघाला, कौलांवरून गेला, डोंगराला लागून परत आला. शेजारच्या ओट्यावरचं कुत्रं ताडकन उठलं. नदीपलीकडच्या गुरांनी माना वर केल्या की नाही कोण जाणे, इकडे माणसांनी केल्या. ओतारी डोळे मिटून ऐकत होता. आवाज विरत विरत पार संपेपर्यंत त्यानं श्वास धरून ठेवला होता.

"माती चांगली होती," तो म्हणाला.

"काय म्हणालात?" तिनं ऐकलं होतं. पण तिला परत ऐकायचं होतं.

"माती चांगली होती."

सूर्य माथ्यावरून कलायच्या आत तो गेला.

ओतारीण रडली. रडता रडता सुनांना म्हणाली, "तीन शब्द होते गं. तीनच. तेवढ्याला यांना पस्तीस वर्षं लागली!" आणि परत रडली. दिवसकार्य उरकल्यावर मात्र ती नव्या कळशीतलं पाणी प्यायली आणि वारुळाकडे निघाली. मागून दोघी सुना टोपल्या घेऊन निघाल्या.

तात्पर्य: मरायच्या आधी वाटण्या करायच्या तर खुशाल करा, पण घर कुणाच्या पायांवर उभं आहे ते आधी बघा. आणि त्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असेल, तर दम लागायच्या आत बोला.