झुंबररावाचे पणजोबा

घुशींना जमिनीखालच्या चांदीचा वास यायचा, त्या काळची ही गोष्ट. एक घूस अंगणाअंगणांत जुनी नाणी शोधत हिंडायची. एका परसात झुंबरराव कोंबड्याने तिला अडवलं.

"अंगण माझं आहे. खुशाल उकर, पण निघेल ते आधी मला दाखव."

घुशीने दिवसभर उकरून गंजके खिळे काढले, एक तुटकी कडी काढली आणि शेवटी चांदीचं एक नाणं काढलं. त्यावर राजाचं तोंड होतं. झुंबररावाने ते आधी एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्याने.

"अगं, हा तर तुरा! हे आमचे पणजोबा!"

"तो मुकुट आहे. आणि तुमच्या पणजोबांची चोच कुठे गेली?"

"झिजली असेल. जुनं नाणं आहे."

त्या दिवसापासून झुंबरराव नाण्यावर पाय ठेवून उभा राहू लागला. राजघराण्यातल्याने उकिरडा उकरायचा नाही म्हणून ठिपकी कोंबडी त्याला किडे आणून भरवायची.

एके दिवशी घरात पाहुणे आले. मालकीण परसात येताच कोंबड्या सैरावैरा धावल्या.

"अहो, पळा!" ठिपकी ओरडली.

"राजे पळत नसतात," झुंबरराव म्हणाला. मालकीण खाली वाकली तेव्हा ती मुजराच करते आहे असं त्याला वाटलं आणि त्याने ऐटीत मान पुढे केली.

नाणं तिने कमरेला खोचलं.

घूस शेजारच्या अंगणात गेली. तिथला बकरा वाटच पाहत होता.

"काय गं," त्याने हळूच विचारलं, "त्या राजाला दाढी होती का?"