मिठाचा राजा आणि तीन बंदरे

एका राज्यात समुद्र होता, बंदरे होती, आणि राजा मात्र मिठाचा होता.

तो जन्माने मिठाचा नव्हता. त्याचे नाव धवलसेन. मांत्रिक वज्रदंत लांबची पायपीट करून त्याच्या दारी आला, तेव्हा राजा सारीपाटात रंगला होता. पाहुण्याला पाय धुवायला पाणीसुद्धा त्याने विचारले नाही. मांत्रिक उंबऱ्यावरूनच मागे फिरला. "पाणी द्यायला जड गेले तुला," तो म्हणाला. "आता पाण्यालाच भी." तत्क्षणी राजा मिठाचा झाला आणि नगरातल्या साऱ्या विहिरी खारट झाल्या.

राणी कुवलयेला उपाय सांगितला एका पाणकावळ्याने. "तीन बंदरे घ्या. पहिल्यात वारा मागा, दुसऱ्यात वाट मागा, तिसऱ्यात क्षमा मागा. दोघांनीच जायचे. पुनवेची भरती ओसरली, की शाप कायमचा."

"आणि वाटेत महाराज भिजले तर?"

"विरघळतील. मीठ आहे ते."

राणीने होडी काढली. राजाला मेणकापडात गुंडाळून मधोमध बसवले आणि सुकाणू हाती घेतले. जन्मात तिने होडी हाकली नव्हती. किनारा मागे सरकू लागला तशी तिची छाती धडधडू लागली. भीतीने की आनंदाने, ते तिलाही कळेना. इतक्यात एक लाट होडीच्या कडेवर फुटली. एकच तुषार आत आला आणि राजाची करंगळी नाहीशी झाली.

राणीचा चेहरा उतरला. राजा हात न्याहाळत म्हणाला, "कान कोरण्यापलीकडे तिचा उपयोग तरी काय होता?"

"हसू नका महाराज. गालाला भेग पडते आहे."

पहिल्या बंदरात एक म्हातारी राहत असे. तिच्या अंगणात मडकी मांडलेली होती आणि मडक्यांत वारे कोंडलेले होते. "कोणता देऊ?" तिने विचारले. "बायको माहेरी निघते तेव्हाचा, की माहेराहून परतते तेव्हाचा?"

"निघतानाचा," राजा होडीतून, मेणकापडाआडून म्हणाला. "तोच जोराचा असतो."

राणीने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिले. पण मडके तेच उचलले. मडक्यांची तोंडे बांधायला म्हातारीला दोर हवा होता. राणीने आपली गुडघ्यापर्यंतची वेणी कापून दिली आणि मागे न पाहता होडीत चढली.

दुसरे बंदर एका कासवाच्या पाठीवर वसलेले होते, त्यामुळे ते कालच्या जागी नव्हते. धुक्यात शोधता शोधता उजाडले. "वाट सांगेन," कासव म्हणाले. "पण आधी सांगा, तुम्हां दोघांत तांडेल कोण? होडी कुणाच्या शब्दावर चालते?"

"हिच्या," राजा म्हणाला.

"यांच्या," त्याच क्षणी राणी म्हणाली.

कासव इतके हसले की पाठीवरच्या घरांची कौले खडखडली. "बहुतेक जोडपी इथेच भांडून परत जातात. ते पाहा, समोर दोन खडक आहेत. ते मिटतात आणि उघडतात. उघडले की घुसा."

खडक उघडले. राणीने मडके फोडले. वारा असा सुटला की शीड ढोलासारखे वाजले आणि होडी पाण्यावरून अक्षरशः उडाली. दोन्ही बाजूंनी काळ्या भिंती धावून आल्या. "डावीकडे," राजा ओरडला. "दिसते आहे मला," राणी ओरडली. मागे खडक कडाडून मिटले आणि होडी पलीकडच्या निळ्या पाण्यात जाऊन पडली. राजाचा डावा कान गेला होता. राणी धापा टाकत होती आणि तिचे डोळे चमकत होते.

तिसऱ्या बंदराच्या पायरीवर वज्रदंत बसला होता. त्या दिवसाची धूळ अजून त्याच्या पायांवर होती. भरती पायरीवरून उतरू लागली होती. राजाने मेणकापड सोडले. "मी चुकलो," तो म्हणाला. "पाय पुढे करा. मी धुतो."

"तुझे हात मिठाचे आहेत," मांत्रिक म्हणाला.

"ठाऊक आहे."

"मग ऐक. अतिथीचे पाय एकट्याने धुवायचे नसतात. नवऱ्याने धुवायचे, बायकोने धार धरायची. हा भरलेला तांब्या तिच्या हाती दे."

राणीने हात मागे ओढला. एक थेंब त्याच्यावर पडू नये म्हणून ती इथवर जिवाच्या आकांताने आली होती. आता धार तिनेच धरायची. "महाराज, मी नाही ओतणार."

"कुवलये," राजा हळूच म्हणाला, "त्यांना फार दिवस ताटकळत ठेवले आहे."

राणीने तांब्या उचलला. धार पडली. राजा पायांवरून हात फिरवू लागला आणि बोटे विरघळू लागली. बोटे गेली, तळवे गेले. तो थोटक्या मनगटांनी टाचा चोळत राहिला. राणीचे डोळे भरून आले, पण तिने धार तुटू दिली नाही. शेवटची धूळ वाहून गेली तेव्हा राजाचे हात खांद्यापर्यंत विरघळून गेले होते.

मांत्रिकाने स्वच्छ पाय पायरीवर टेकवले. "पाहुणचार पोहोचला," तो म्हणाला.

त्याबरोबर राजाच्या अंगावरचे मीठ खपल्यांसारखे गळू लागले. खाली उबदार, जिवंत कातडी होती. हात होते. करंगळी होती. कानसुद्धा होता. तिकडे नगरात एका बाईने सवयीने तोंड वाकडे करून पाण्याचा घोट घेतला आणि "गोड आहे, गोड आहे" असे सांगत ती आळीभर धावत सुटली.

परतीच्या वाटेवर राजा अंगावर घोंगडे ओढून बसला. म्हणाला, "वारा गार आहे."

राणीने सुकाणू काखेत धरले, वाकून समुद्रातून ओंजळ भरली आणि त्याच्या तोंडावर फेकली. तो दचकला, भिजला, तसाच्या तसा राहिला. मग तिने दुसरी भरली. घरचे बंदर येईपर्यंत ती थांबली नाही.

त्यांची होडी सुखाने काठाला लागली, ऐकणाऱ्यांचीही लागो.